एकाच घरातले दोन लांब चेहरे

दात दाखवायला आला होता भाऊ, अकरा वर्षांचा. बहीण एकोणीसची, नुसती सोबत आलेली. आईची तक्रार होती की ह्याचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत, पुढच्या दातांनी काही तुटत नाही, आणि रात्री घोरतो. घोरण्याचं तिने हसत हसत सांगितलं, जणू दातांशी त्याचा काही संबंधच नाही.

मुलगा खुर्चीत बसला, ओठ उघडे. मागे उभ्या असलेल्या बहिणीकडे नजर गेली तर तिचेही उघडे, आणि मी बघतेय हे कळल्याबरोबर तिने ते मिटून घेतले. मिटताना हनुवटीवर सगळ्या बारीक खळ्या पडल्या. हे एकदा बघायला शिकलं की बसमध्ये, लग्नात, कुठेही दिसतं. ओठ सहज मिटत नसतील तर हनुवटीचा स्नायू त्यांना खालून ढकलतो, आणि बिचाऱ्या माणसाला वाटतं आपण नॉर्मल तोंड मिटून बसलोय.

म्हणूनच ओठ मोजायचे असतात ते सैल सोडलेले. 'तोंड मिट' म्हटलं की संपलं. मी 'एम्मा' म्हणायला लावते, मग ओठ चाटून तसेच सोडून दे म्हणते, आणि मग पट्टी लावते. आईला विचारून बहिणीचंही बघितलं. वरच्या ओठाखाली दोन ते चार मिलिमीटर दात दिसणं ठीक असतं, हिचे सात दिसत होते, आणि हसली की वर हिरडीची जाड पट्टी. आई लगेच म्हणाली, "हिचा ओठच आखूड आहे ना मॅडम." नाही हो. ओठ 22 मिलिमीटर भरला, व्यवस्थित. ओठ आहे तेवढाच आहे, वरचा जबडाच खाली उतरलाय. हा गैरसमज पेशंटचा असला तर समजू शकते, पण 'शॉर्ट लिप' असं लिहिलेल्या चिठ्ठ्या डेंटिस्टकडूनही येतात तेव्हा डोकं फिरतं.

दोघांचेही सेफ काढले, म्हणजे चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्सरे. कवटीच्या तळाची रेघ आणि खालच्या जबड्याची रेघ यांच्यातला कोन साधारण 32 अंश असतो, जितका मोठा तितका जबडा खाली झुकलेला आणि चेहरा लांब. भावाचा 39, बहिणीचा 46. दोघांच्याही खालच्या जबड्याच्या खालच्या कडेला, कानाखालच्या कोपऱ्याच्या जरा पुढे, अशा चेहऱ्यांत दिसतो तो खोल खळगा होताच. डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या ब्यॉर्क नावाच्या संशोधकाने मुलांच्या जबड्यात धातूच्या बारीक खुणा बसवून वर्षानुवर्षं एक्सरे काढले आणि 1969 मध्ये जबडा कुठल्या दिशेला फिरत वाढणार याची लक्षणं लिहून ठेवली, त्यातलं हे एक. दोन सेफ शेजारी शेजारी स्क्रीनवर होते आणि नावं झाकली असती तर कुणालाही वाटलं असतं एकाच पेशंटचे आहेत, आधीचा आणि नंतरचा.

या चेहऱ्यांचा सगळा खेळ मागच्या दाढांवर आहे. अडकित्त्याच्या बिजागरीपाशी बारीकसा खडा अडकला तर पुढची टोकं किती फाकतात बघा. दाढ एक मिलिमीटर खाली उतरली की पुढे दोन ते तीनची फट पडते, हनुवटी खाली आणि मागे जाते, चेहरा अजून लांब दिसतो. आणि ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात-जबडे सरळ करायच्या आमच्या कामात, दाढ बाहेर खेचणं हे सगळ्यात सोपं काम आहे, काही न ठरवताही होतं. आत ढकलणं महाकठीण.

आता चीड येते ती इथे. बहिणीला चौदाव्या वर्षी कुठेतरी ब्रेसेस लावलेले. मागच्या दाढांना रबर, शिवाय पुढची फट मिटवायला पुढच्या दातांनाही वरून खाली रबर. पहिल्या रबरांनी खालच्या दाढा वर आल्या असणार, दुसऱ्यांनी वरचे पुढचे दात हिरडीसकट खाली. फट मिटली, फोटो छान आले असतील, ब्रेसेस काढले आणि वर्षभरात फट परत. असणार म्हणतेय कारण पुरावा नाही, सुरुवातीचा सेफ काढलेलाच नव्हता, एक ओपीजी फक्त, म्हणजे सगळे दात एका पट्टीत दाखवणारा एक्सरे. हाय अँगल केस, म्हणजे तो कोन असा मोठा असलेली, सेफशिवाय कशी सुरू करतात लोक, मला खरंच कळत नाही. मधल्या काळात पोरगी जीभ टाळूला दाबून धरायचे व्हिडिओ बघून रोज ते करत होती, जबडा बदलेल म्हणून. त्यासाठी मी तिला नाही बोलले, कुणी धड सांगितलंच नसेल तर माणूस व्हिडिओच बघणार.

भावाचं मी समजावायला घेतलं. आधी नाक-कान-घसा. अॅडेनॉइड्स, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, मोठे दिसत होते सेफमध्येच, श्वासाची वाट अगदी चिंचोळी. पूर्वी एका डॉक्टरांनी 'मोठा झाला की आपोआप बसतात' म्हणून परत पाठवलेलं. बसतात, खरंय, पण तोवर चेहरा वाढायचा थांबत नाही ना. मग वरचा जबडा रुंद करायचा, दाढांवर अॅक्रिलिकचं आवरण असलेल्या अप्लायन्सने, म्हणजे रुंद करताना दाढा खाली येणार नाहीत. मग हाय-पुल हेडगिअर, म्हणजे डोक्यावरच्या पट्ट्याने वरच्या दाढांना वर ओढून धरणारं, रोज बारा-चौदा तास, म्हणजे संध्याकाळपासून सकाळपर्यंत. आणि हे सहा महिन्यांचं काम नाही. चेहऱ्याची रुंदी आधी संपते, मग पुढे-मागे वाढ, उंची सगळ्यात शेवटी, मुलांमध्ये सतरा-अठरापर्यंत चालूच असते, तोवर लक्ष ठेवावं लागतं.

तेवढ्यात बहिणीने विचारलं, "म्हणजे माझं ह्याच्या वयात केलं असतं तर आता ऑपरेशन लागलं नसतं?"

ऑपरेशन हा शब्द मी काढलाच नव्हता. तिने तिचं तिचं वाचलेलं होतं सगळं.

मी म्हटलं, "कदाचित." आईचा चेहरा पडला आणि मग मी भराभर बोलत सुटले, की चेहऱ्याची उंची बरीचशी आनुवंशिक असते, की हार्वोल्ड नावाच्या संशोधकाने माकडांची नाकं बंद करून प्रयोग केले तेव्हाही सगळ्यांचे चेहरे सारखे बदलले नाहीत, की तोंडाने श्वास घेणाऱ्या कित्येक मुलांचे चेहरे नॉर्मल असतात, की हेडगिअर घालूनही काही केसेस हातातून निसटतात. एकूणएक वाक्य खरं होतं. पण ती शांतपणे म्हणाली, "मग ह्याला कशाला घालायला सांगताय?"

यावर मी जे उत्तर दिलं ते असं, की वाढ थांबवता येत नाही पण थोडी वळवता येते, आणि चेहऱ्याच्या उंचीतले दोन-तीन मिलिमीटर वाचले तरी ऑपरेशन आणि साधे ब्रेसेस यातला फरक तेवढाच असू शकतो. तिला पटलं की नाही माहीत नाही, मला मात्र त्या दिवसापासून हेच उत्तर जरा जास्त गुळगुळीत वाटतंय. कारण कुठल्या मुलाचे दोन-तीन वाचणार हे अकराव्या वर्षी मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि तिच्याबाबतीत वाचले असते का हे तर कुणीच सांगू शकणार नाही.

तिच्यापुढे आता दोन रस्ते आहेत. हाडात बारीक मिनी-स्क्रू लावून त्यांच्या आधाराने दाढा आत ढकलायच्या, त्याने पुढची फट मिटेल, पण सात मिलिमीटरचे दात आणि हिरडी आहे तिथेच. किंवा ल फोर्ट वन नावाचं ऑपरेशन, वरचा जबडा सोडवून वर बसवायचा, खालचा आपोआप फिरून वर येतो. सर्जनला पाच मिलिमीटर वर न्यायचाय, मी साडेतीनवर अडून बसलेय. वय वाढतं तसा ओठ खाली येतो, आज हिरडी पूर्ण झाकली तर चाळिशीत दातच दिसणार नाहीत, पोक्त दिसायला लागेल पोरगी. सर्जन लोकांना टेबलवरचा रिझल्ट दिसतो, त्यांचा दोष नाही, पेशंट वर्षानुवर्षं आमच्याकडे येत राहतो.

भावाचे अॅडेनॉइड्स काढले, घोरणं थांबलंय, अप्लायन्स बसलंय. हेडगिअरच्या तासांचा तक्ता बहीण भरते, आणि तो अजिबात खोटा नसतो, 'सात तास, रडला' असंही लिहिलेलं असतं. तिचं स्वतःचं अजून ठरत नाहीये. परीक्षेनंतर सर्जनसोबत एकत्र बसायचंय, साडेतीन की पाच हे तिच्यासमोरच भांडू असं मी त्यांना सांगून ठेवलंय.