लेडीज डब्यातली मॉडेल्स

चित्रकलेच्या फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या वर्षाला, आल्यापासून माझ्या पर्समध्ये कंगवा सापडत नाही. 4बी, 6बी पेन्सिली आणि खोडरबराचा चुरा मात्र हमखास सापडतो. कॉलेज जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, घर डोंबिवलीला आणि रोजचा गृहपाठ रॅपिड स्केचिंग. एका माणसाला दोन-तीन मिनिटं, खोडायचं नाही, पुढचं पान.

वर्गात वस्तुचित्र असतं तेव्हा सगळं शिस्तीत चालतं. तांब्या, दोन कांदे, मागे चुण्या पाडून टांगलेलं कापड. एक डोळा मिटायचा, हात ताठ धरायचा, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापं घ्यायची. तांब्याचं तोंड नजरेच्या पातळीजवळ असलं की चपटं दिसतं, खाली ठेवला की गोल होत जातं. हे हाताला पटायला वेळ लागतो, पण तांब्या निदान कुर्ल्याला उतरत तरी नाही. घरी सरावाला मांडलेली वांगी मात्र निम्म्या छटा झाल्या की उचलली जातात. आईचं म्हणणं, ‘चित्र उद्या काढ, वांगी आज शिजायला हवीत.’

म्हणून लोकलच बरी. झोपलेल्या बायका सर्वांत उत्तम. मान कलते, खांदा सैल पडतो, मांडीवरची पिशवी तेवढी घट्ट धरलेली असते. जागेपणी हे कोणी देत नाही. कोणी आपल्याला काढतंय असा नुसता संशय आला, तरी आधी ओढणी सारखी होते, मग केस, मग चेहऱ्यावर पासपोर्ट फोटो येतो. त्याखालोखाल भाजी निवडणाऱ्या. मेथी खुडणारे हात तीच हालचाल पुन्हा पुन्हा करतात, त्यामुळे हुकलेली पोझ परत मिळते. हात काढायला मी त्यांच्याकडूनच शिकतेय. शेजारची वहीत डोकावून विचारते, ‘हे कोण गं?’ आणि उत्तराची वाट न बघता, ‘आमच्या जाऊबाईच!’

सीएसएमटीला उतरलं की जरा दडपण येतं. 1888मध्ये पुरी झालेल्या या इमारतीच्या सजावटीला आमच्याच कॉलेजच्या तेव्हाच्या विद्यार्थ्यांचे हात लागलेत. पानं, पक्षी, प्राणी, सगळं दगडात. त्यांच्या सबमिशनसमोरून रोज कागदाची गुंडाळी घेऊन चालत जायचं म्हणजे काय, ते माझं मला माहीत.

गेल्या आठवड्यात चेहऱ्याची प्रमाणं झाली. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. नवशिके ते हटकून वर काढतात आणि कपाळ संपवून टाकतात. मी ऐकून लगेच डब्यात डोळे शोधायला लागले. कुठले? ज्या झोपलेल्या नाहीत त्या मोबाईलमध्ये. तशी त्या फोनची मी आभारी आहे, ठाण्यापासून दादरपर्यंत एकीचीही मान हलत नाही. पण सरांनी वही चाळली आणि विचारलं, ‘तुझ्या गाडीत कोणाला डोळे नाहीत का?’

समोर बघणारी एकच सापडली आहे. टिकल्या आणि क्लिपा विकणारी. ती थेट डोळ्यांत बघते, पण काही घेतल्याशिवाय थांबत नाही. दहा रुपयांची क्लिप, दोन मिनिटांची पोझ. केसांना आता जागा उरलेली नाही, स्केचबुकात अजून बरीच आहे.