नव्वदची थरथर

सोलापूरचं विद्यापीठ मागं पडलं, काटा ताशी ८५ च्या पुढे सरकला आणि गाडीची ती थरथर सुरू झाली. सीटच्या खालून, कमरेत. स्टिअरिंग अगदी शांत. ९० ते १०० मध्ये भरात येते, ११५ ओलांडलं की विरते आणि सावळेश्वरच्या टोलनाक्याअलीकडे वेग उतरताना त्याच आकड्यावर परत येते.

आप्पा मिस्त्रींनी खाली न वाकताच सांगितलं, "मालक, जुनी गाडी हाय, एवढं चालायचंच." दादाही तेच म्हणाला. त्यापुढे तो जे म्हणाला ते आज लिहीत नाही.

संध्याकाळपासून हे 'चालायचंच' डोक्यातून जात नाहीये. काय चालायचं? फाटलेलं रबर चालायचं, गेलेलं बेअरिंग चालायचं, की वाकलेली रिम? प्रत्येकाचा धोका वेगळा, खर्च वेगळा. बघितल्याशिवाय तिन्ही एका शब्दात कसे मिटवतात लोक?

स्टिअरिंग थरथरलं तर पुढची चाकं, सीट थरथरली तर मागची चाकं नाहीतर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा), इथपर्यंत सगळेच येतात. पुढचं काम गणिताचं आहे. मागचा टायर २४५/४० आर १७, त्याचा घेर साधारण १.९७ मीटर. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला १२.७ फेऱ्या. शाफ्ट आणि मागच्या चाकांच्या मधल्या गिअरचं, म्हणजे डिफरेन्शियलचं प्रमाण ३.२७, म्हणून शाफ्टच्या ४१.५. चाकात दोष असेल तर थरथर १३ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १३ वेळांच्या आसपास येते आणि अख्खं अंग हलवते. शाफ्टची ४१ ला येते, तळव्यांना मुंग्या आल्यासारखी. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस झिजलेला असेल तर तो एका फेरीत दोनदा झटका देतो, म्हणजे ८३. ती अंगापेक्षा कानाला जास्त कळते, घुमल्यासारखी.

हे मोजायला फोन पुरतो. कंपन मोजणारं अ‍ॅप घ्यायचं आणि फोन सीटच्या लोखंडी रुळाला चिकटपट्टीने घट्ट बांधायचा. हातात किंवा गादीवर ठेवून काही हाती लागत नाही. आकडे शेजारी बसलेल्याने बघायचे, चालवणाऱ्याने नाही. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. फोन सेकंदाला १०० नमुने घेत असेल तर त्याला ५० हर्ट्झच्या वरचं खरं दिसत नाही. ८३ ची थरथर तो १७ म्हणून दाखवतो आणि माणूस चाकांच्या मागे लागतो. १७ दिसलं आणि चाकाचं गणित १२.७ म्हणत असेल, तर संशय क्रॉसवर घ्यायचा.

माझ्या फोनवर आलेखाचं शिखर ४१ आणि ४२ च्या मध्ये.

इथे लगेच शाफ्टला दोष देता येत नाही. माझ्या गाडीत पाचवा गिअर एकास एक आहे, म्हणजे त्यात इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, ९० ला दोघंही मिनिटाला २४९० च्या आसपास. कोण थरथरतंय ते वेगळं काढताच येत नाही. म्हणून तोच वेग चौथ्यात आणि सहाव्यात धरून बघायचा. शिखर ४१ वरच राहिलं, तर इंजिन निर्दोष सुटलं. मग रिकाम्या सरळ रस्त्यावर १०५ वरून न्यूट्रल करून गाडी सोडून द्यायची. इंजिन चालूच ठेवायचं, नाहीतर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. माझी थरथर न्यूट्रलमध्ये राहते, पण निम्म्याने उतरते. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवला की परत चढते.

ताकद जाताना वाढणारी आणि ताकद काढली तरी पूर्ण न जाणारी. म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणारं रबर कपलिंग, नाहीतर शाफ्टला मधोमध धरणारं सेंटर बेअरिंग. टायर मी बाजूला ठेवतोय. उन्हात उभ्या गाडीच्या टायरला बसलेला सपाटपणा थोडं अंतर चाललं की जातो, ही थरथर जात नाही. रिमचं मधलं भोक हबवर नेमकं बसतंय. जुन्या गाड्यांना बाहेरच्या रिम लावलेल्या असतात तिथे ते आधी बघावं. भोक मोठं असून मधली रिंग नसेल तर कितीही बॅलन्सिंग करा, फरक पडत नाही.

एवढं सगळं हातात असून आज फार एकटं वाटलं. शेजारी बसलेल्याला जाणवत नाही, मिस्त्रींना जाणवत नाही, मग मलाच का जाणवावी? आपल्यालाच काहीतरी होतंय, गाडीला नाही, असंही वाटून गेलं. आकडा समोर असताना.

मग टॉर्च घेऊन गाडीखाली गेलो. चारी स्टँड पक्के, इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला, गिअर टाकलेला, म्हणजे शाफ्टचं फक्त पुढचं टोक धरलेलं राहतं. कपलिंग म्हणजे जाड गोल रबरी चकती, सहा भोकांची, आळीपाळीने तीन बोल्ट गिअरबॉक्सच्या फ्लँजला (तीन पायांच्या जोडचकतीला) आणि तीन शाफ्टच्या. वरवरच्या बारीक भेगा वयाने येतातच, त्यांनी घाबरायचं कारण नाही. शाफ्ट हाताने पिळला तेव्हा भोकांतल्या दोन बुशांच्या मधली भेग उघडली आणि आत रबराखालचा दोरा दिसला, धूळ चिकटून करडा झालेला. पीळ सोडला की भेग मिटते, म्हणून नुसतं बघून कळत नाही. शेजारून सायलेन्सरचा पाईप जातो, आणि आपल्या मे महिन्यात बाहेरच चाळिशीच्या वर असतं. रबराचं काय होणार?

हा दोरा १०० च्या वेगाला तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक मोकळं होऊन गाडीच्या तळातल्या बोगद्यात आपटत राहतं आणि शेजारच्या नळ्या घेऊन जातं. हे चालायचं नाही, आप्पा.

गंमत म्हणजे दोरा दिसल्यावर मन निवळलं. विकायचा विषय दादाशी सध्या काढणार नाही, पण काय करायचं ते कळलं. आणि एक कबूल करायला हवं की २००६ च्या गाडीची थरथर शून्यावर येणार नाही. इंजिनखालची रबरी माउंटिंग थोडी बसलेली असतात, डिफरेन्शियलचे बुश सैल झालेले असतात. कारण माहीत असलेली, मोजलेली, न वाढणारी थरथर मला चालेल. आप्पांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे.

आता काम. सायलेन्सर आणि त्यावरचा उष्णतेचा पत्रा काढल्याशिवाय शाफ्ट उतरत नाही. उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर आणि शाफ्टच्या दोन्ही भागांवर पांढऱ्या पेंटची खूण. शाफ्टच्या दोन भागांमधला दातांचा सांधा एक दात जरी इकडेतिकडे बसला तर क्रॉसचे कोन जुळत नाहीत आणि नवीच ८३ ची थरथर पदरी पडते. नव्या कपलिंगवरचे बाण फ्लँजच्या पायांकडे तोंड करून बसवायचे. बोल्ट धरून ठेवायचा आणि नट फिरवायचा, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. नट नवे. सेंटर बेअरिंग हाताने फिरवून खरखर बघायची आणि त्याभोवतीची रबरी घडी फाटलीय का तेही. काही गाड्यांत त्याचा ब्रॅकेट ४ ते ६ मिलिमीटर पुढे ढकलून घट्ट करतात. आपल्या गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते आधी बघायचं. क्रॉस मधल्या जागी अडकत असेल तर तो गेला. आतून ठोकून बसवलेला असल्याने सर्क्लिप (अडकवायची स्प्रिंगची कडी) काढून बदलता येत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर तो कापून दुसरा बसवता येईल, पण केंद्र केसभर सरकलं तरी बॅलन्स जातो. ट्रकचे शाफ्ट बॅलन्स करणारे एवढा हलका शाफ्ट सेंटर बेअरिंगसकट, अख्ख्या लांबीत घेतात का, ते आधी विचारलेलं बरं.

तरीही ४१ चं शिखर उरलं तर होज क्लिप, म्हणजे पाईपवर आवळायची पट्टी; तिच्या स्क्रूच्या वजनाने शाफ्टचा तोल साधायचा. शाफ्टच्या मागच्या टोकाशी घेरावर १ ते ४ अशा खुणा करायच्या, क्लिपचा स्क्रू एकेका खुणेवर ठेवून त्याच रस्त्यावर ९० ला आकडा घ्यायचा. सगळ्यात कमी जिथे येईल तिथे दुसरी क्लिप, आणि दोन्ही स्क्रू थोडे थोडे दूर करत जायचं. वरच्या पत्र्याला क्लिप घासत नाही ना, हे प्रत्येक वेळी हाताने शाफ्ट फिरवून बघायचं.

कपलिंग आणि नट मागवलेत. येईपर्यंत ८० च्या वर नाही, आणि सायलेन्सरच्या गंजलेल्या नटांवर आज रात्रीच तेल सोडून ठेवतो.