तुम्ही विचारलंत म्हणून: पक्षाघात आणि मस्करिनिक औषधं

मी फार्माकॉलॉजी शिकवते. त्यामुळे घरात कुणाला पॅरालिसिसचा झटका (स्ट्रोक) आला की ओळखीपाळखीचे हमखास विचारतात, "मस्करिनिक औषधांनी मेंदू वाचतो म्हणे. मग आमच्या बाबांना का देत नाहीत?"

कारण ही सगळी औषधं एका दिशेने काम करत नाहीत. असिटिलकोलिन हे मज्जापेशींचा निरोप पोचवणारं रसायन; ते पेशींवरच्या ज्या मस्करिनिक रिसेप्टरांवर (निरोप घेणाऱ्या जागांवर) बसतं त्यांचे एम१ ते एम५ असे पाच प्रकार. काही औषधं त्यांना चेतवतात, काही अडवतात; धोतऱ्यातलं ॲट्रोपिन अडवणारं. २००१ साली एम५चं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत दिसलं, की असिटिलकोलिन देऊनही मेंदूच्या धमन्या रुंदावत नाहीत. म्हणून एम५ चेतवून मेंदूच्या रक्ताविना उपाशी राहिलेल्या भागाला रक्त वाढवता येईल का, हा विचार पुढे आला. पण सरसकट चेतवायला जाल तर पंचाईत. पायलोकार्पिनचा मोठा डोस दिलेल्या उंदरांना न थांबणाऱ्या फिट येतात आणि हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मरणाच्या भागातल्या पेशी मरतात. प्रयोगशाळेत अपस्माराचा अभ्यास करायला हेच औषध वापरतात!

शिवाय उंदीर वाचला म्हणजे माणूस वाचतो असं नाही. २००६ साली झालेल्या एका मोजदादीत स्ट्रोकवरचे १,०२६ प्रायोगिक उपचार सापडले; त्यांतले माणसांवर तपासले गेलेले ११४. आजही खरा भरवसा आहे तो वेळेत रक्ताची गुठळी विरघळवण्यावर किंवा काढण्यावर. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत झटका आल्यापासून साधारण साडेचार तास.

मला स्वतःला झटक्यानंतरचे महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. असिटिलकोलिन पुरवणाऱ्या पेशी नष्ट केलेल्या उंदरांना मेंदूच्या इजेनंतर पंजाचं कौशल्य पुन्हा शिकताना फार जड जातं. आणि आपल्याकडे नेमक्या त्याच काळात पेशंटच्या औषधांच्या डब्यात काय असतं? लघवी आवरत नाही म्हणून ऑक्सिब्युटिनिन, दुखतंय म्हणून अमिट्रिप्टिलिन, झोपेसाठी एखादी जुनी ॲलर्जीची गोळी. ही तिन्ही औषधं मस्करिनिक रिसेप्टर अडवतात. म्हाताऱ्या माणसाला गोंधळल्यासारखं होतं, विसरायला होतं, आणि घरचे म्हणतात, झटक्याचाच परिणाम.

म्हणून नवं औषध मागण्याआधी सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला आणि डॉक्टरांसमोर ओता. आपल्या मनाने मात्र एकही बंद करू नका. लघवीसाठी मिराबेग्रॉनसारखं, या रिसेप्टरांच्या वाटेला न जाणारं औषधही मिळतं. त्याने रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा तुमच्या बाबांना ते चालेल का हे डॉक्टरच ठरवतील.