अण्णांच्या गोळ्यांच्या पट्ट्या

मावशी काम सोडून गेल्या, तेव्हा खरं कारण त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अंघोळीच्या वेळी त्यांचा हात धरून नको तिथे ओढला होता. एकदा नाही, दोनदा. मग आईही बोलली, "दिवाळीपासून रात्रीची झोप नाही मला. सांगणार कुणाला?"

नौपाड्यात आयुष्यभर गणिताच्या शिकवण्या घेतलेला माणूस. मी ओरडलो, त्यांचा मोबाइल काढून घेतला, दोन दिवस बोललो नाही. उपयोग शून्य. नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो तर ते हसले, "म्हातारपणी होतं असं." ते हसू आठवलं की अजून डोकं फिरतं.

शेवटी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन केला. मराठीत नीट ऐकून घेतलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. त्या बाईंनी आधी अण्णांशी एकट्याशी बोलणं केलं, मग मला विचारलं, "कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) सगळ्या गोळ्या आणल्यात?" पिशवी टेबलावर रिकामी केली. लेव्होडोपाची पट्टी बाजूला सारून त्यांनी प्रामिपेक्सोलची उचलली. "हिचा डोस कधी वाढवला?"

दिवाळीच्या आधी.

ही गोळी मेंदूत डोपामिनसारखं काम करते. त्यातून काहींना जुगाराचा नाद लागतो, काही खरेदी करत सुटतात, काहींची वासना आवरत नाही. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांतही असं वागणं दिसतं, म्हणून स्मरणशक्तीची चाचणीही झाली. ती ठीक निघाली. गोळी एकदम बंद करायची नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. घाम, घबराट, नैराश्य येऊ शकतं. न्यूरोलॉजिस्टशी बोलून डोस पायरीपायरीने उतरवला. नाहीच भागलं तर सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधं, काही रुग्णांना क्वेटियापिन हे मनोविकारावरचं औषध. पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं फार पुढची गोष्ट, त्यात हाडं ठिसूळ होतात. आमच्यावर ती वेळ आली नाही.

दरम्यान अंघोळीला पुरुष अटेंडंट ठेवला, आईचा पलंग आतल्या खोलीत हलवला. मावशींच्या घरी जाऊन माफी मागितली, राहिलेला पगार दिला. गोळीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल. पण मी परत येणार नाही." बरोबरच होतं त्यांचं.

दोन महिन्यांत अण्णा निवळले. हात मात्र पुन्हा कडक झालेत. सदऱ्याची बटणं लावायला दहा मिनिटं जातात आणि मदत घेत नाहीत. आई अजून रात्री आतून कडी लावते.