एमएस्सीच्या चार याद्या आणि एक टीसी

बीएस्सीचा शेवटचा निकाल लागला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला नऊ फोन आले. दोन नातेवाइकांचे, सात कॉलेजांचे. माझा नंबर त्यांच्यापर्यंत कसा पोचला, ते मला आजही कळलेलं नाही. "केमिस्ट्रीच करणार ना? हॉस्टेल आहे, फी हप्त्यानं भरा. फक्त टीसी घेऊन या." सातही जणांचं बोलणं टीसीवर, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावर, येऊन थांबायचं. त्यामागचं कारण मला पुढे महिन्याभरानं कळलं.

ही गोष्ट २०२४ ची. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि कन्नडही. अम्मा विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत. एमएस्सीचा फॉर्म भरणारी आमच्या घरातली मी पहिलीच. विचारायचं कुणाला, हा प्रश्न रोजचा होता. पुढच्या जूनमध्ये ज्यांच्या घरी असे फोन येतील त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी चार ठिकाणी अर्ज केले. केगावला आपल्या सोलापूर विद्यापीठात, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, पुण्याला, आणि दुसऱ्या एका शहरातल्या अनुदानित कॉलेजात, ज्याचं नाव मी घेणार नाही. पुण्याच्या प्रवेश परीक्षेत मी मागे पडले, तो विषय तिथंच संपला. उरलेल्या तीन ठिकाणच्या अर्जाच्या, यादीच्या आणि फी भरायच्या तारखा वेगवेगळ्या होत्या. मी वहीच्या मागच्या पानावर तक्ता करून भिंतीला चिकटवला. अम्माला मराठी वाचता येत नाही, म्हणून फी भरायच्या तारखांना लाल गोल केले.

आधी आमच्या बीएस्सीच्या सरांकडे गेले. सर तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे जितके तास तितकंच मानधन, कायम नोकरी नाही. त्या दिवशी ते अक्कलकोटहून आले होते, पिशवीत प्रवेशाची पत्रकं. बारावीच्या मुलांच्या घरी जाऊन आमच्याच कॉलेजचा प्रचार करत होते. ऊन मी म्हणत होतं. सरांचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. मी विचारलं, सर, तुम्ही का फिरताय? ते म्हणाले, "मुलं आली तर तुकडी राहते. तुकडी राहिली तर वर्कलोड. वर्कलोड असला तर पुढच्या वर्षी मी."

मग त्यांनी मला नीट समजावलं. देशात उच्च शिक्षणात येणाऱ्या मुलांचं प्रमाण २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत २८.४ टक्के होतं, आणि नव्या धोरणात २०३५ पर्यंत ते ५० टक्क्यांवर न्यायचं आहे. म्हणजे प्रत्येक विद्यापीठानं आकडा वाढवायचा. महाराष्ट्रात त्या वर्षी ४५ लाखांवर मुलं शिकत होती, फक्त उत्तर प्रदेश आपल्या पुढे. पण ती सगळीकडे सारखी विभागलेली नाहीत. मूळ विज्ञानाच्या वर्गातून मुलं बीसीएकडे, फार्मसीकडे चाललीत, असं सर म्हणाले. तिथंही गोंधळच. त्याच वर्षी बीबीए, बीसीएला पहिल्यांदा सीईटी लागली, जागांच्या मानानं परीक्षा दिलेली मुलं इतकी कमी की पुन्हा एकदा सीईटी घ्यावी लागली.

सोलापूरची अडचण आणखी वेगळी. आपलं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला झालं, आणि त्याला जिल्हा एकच. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत अकरा तालुके, तेवढीच हद्द. करमाळ्याच्या मुलाला पुणं खुणावतं, अक्कलकोटच्या मुलीला कलबुर्गी जवळ. त्याआधी सोलापूरची कॉलेजं १९६२ पासून शिवाजी विद्यापीठात होती. सर स्वतः सोलापुरात शिकले, वसतिगृहात एक रात्रही राहिले नाहीत, तरी त्यांच्या पदवीवर कोल्हापूरचा शिक्का आहे. एकेकाळी एकाच घरातली ही दोन विद्यापीठं आज एकाच मुलीची वाट बघतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

पहिली यादी लागली ती त्या अनुदानित कॉलेजची. माझं नाव वर होतं. फी भरायला दोन दिवस. केगावची यादी लागायची होती, कोल्हापूरच्या पहिल्या फेरीत मी प्रतीक्षा यादीवर. हातातली जागा सोडायचा धीर झाला नाही. अम्मानं भिशी उचलली. १४,५०० रुपये भरले, मूळ टीसी दिली आणि पावती घेतली.

आठवड्यानं केगावची यादी लागली. त्यात माझं नाव होतं. पण टीसी दुसरीकडे अडकलेली, आणि टीसीशिवाय काहीच होत नाही असं मी धरून बसले. हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश मागता येतो हे मला माहीत नव्हतं. मी विचारायलासुद्धा गेले नाही. मुदत गेली. घरापासून एका बसच्या अंतरावरची जागा अशी हातची गेली, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

ऑगस्टच्या शेवटी कोल्हापूरच्या पुढच्या फेरीत नाव आलं. मधे दोन दिवस. रात्रीची एसटी धरली. मंगळवेढा, सांगोला, मिरज, मांडीवर फाइल, झोप नाहीच. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथं पायरीवर बसून डबा खाल्ला आणि विभागात गेले. तिथल्या मॅडमनी हमीपत्र लिहून घेतलं: आठ दिवसांत टीसी, नंतर मायग्रेशन (एका विद्यापीठातून दुसऱ्यात जायचा दाखला) आणि पात्रतेची कागदपत्रं. आठ दिवस!

दुसऱ्याच दिवशी त्या कॉलेजात गेले. ऑफिसातून उत्तर आलं, "फी परत मिळत नाही. टीसी पाहिजे तर वर्षाची उरलेली फी भर." मी बाहेर येऊन बाकावर बसले. रडू येत होतं. घरी फोन केला नाही, कारण अम्मानं लगेच दुसऱ्या भिशीचा विचार केला असता.

इथून पुढचं नीट वाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार कुठल्याही कॉलेजला तुमची मूळ प्रमाणपत्रं ताब्यात ठेवता येत नाहीत. तपासायची आणि परत द्यायची. फीबद्दल २०२४-२५ साठी आयोगाचं वेगळं परिपत्रक होतं: ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यानंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १००० रुपये कापून. तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीचं परिपत्रक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. मला हे सगळं सरांनी फोनवर सांगितलं. झेरॉक्सच्या दुकानात दोन्हींच्या प्रती काढल्या.

अर्ज हातानं लिहिला, दोन प्रतींत. प्रवेश रद्द करते आहे, अमुक तारखेला अमुक रक्कम भरली, पावती जोडली आहे, मूळ टीसी आणि फी परत मिळावी. खाली दोन्ही परिपत्रकांचा उल्लेख. आवक विभागात दिला, आणि माझ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलले नाही. तोंडी बोललेलं कुणी लक्षात ठेवत नाही. मग घरी येऊन आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाकली, शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो जोडून. २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे आणि विद्यापीठात लोकपाल. तेही दुसऱ्या अर्जात लिहिलं.

सहाव्या दिवशी फोन आला, टीसी घेऊन जा.

टीसी हातात पडली, मी फाटकापाशी आले, तेवढ्यात मागून एक तरुण मॅडम धावत आल्या. माझ्या विषयाच्या तिथल्या शिक्षिका. त्यांनी विचारलं, "खरंच जातेस का? तू गेलीस की वर्गात सातच राहतात." त्याही तासिका तत्त्वावर. मला काय बोलावं सुचेना. ऑफिसावरचा माझा राग खरा होता, पण या बाईंचं पुढचं वर्ष माझ्या टीसीला बांधलेलं होतं. मी त्यांना नमस्कार केला आणि स्टँडवर आले. गाडीत बसल्यावरही तो सातचा आकडा डोक्यातून जाईना.

फी महिन्याभरानं खात्यावर आली, १००० रुपये कापून. मी ३० सप्टेंबरच्या आत प्रवेश रद्द केला होता, तेव्हा एक रुपयाही कापायला नको होता. पुन्हा अर्ज केला आहे. ते हजार अजून आलेले नाहीत. अम्माला हजार विड्या वळायला आख्खा दिवस लागतो, आणि त्याची मजुरी या हजार रुपयांच्या जवळपासही जात नाही. म्हणून मी ते सोडणार नाही.

माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगला गेला. त्याच्याकडे राज्याच्या सीईटी कक्षाची एकच कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, होती: एक अर्ज, पसंतीक्रम, जागा स्वीकारायला १००० रुपये, आणि पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मिळालं की आधीची जागा आपोआप सुटते. त्याला टीसी घेऊन कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. एमएस्सीला असं काही नाही. विद्यापीठांनी एकमेकांच्या याद्यांच्या तारखा तरी जुळवाव्यात, आणि शेवटची फेरी होईपर्यंत मूळ टीसी मागू नये. मुलं खेचायची असतील तर चांगली प्रयोगशाळा दाखवून खेचा, आमचे कागद धरून नको. मी हे तिन्ही विद्यापीठांच्या कुलसचिवांना पत्रानं कळवलं आहे.

शेवटचं काम मायग्रेशनचं. सात रस्ता चौकातून बस धरून केगावला गेले. खिडकीतल्या ताईंनी माझी गुणपत्रिका बघितली, मग माझ्याकडे. "मार्क चांगले आहेत की. इथंच का नाही घेतलंस?"

टीसीचं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, म्हणून न विचारलेलंही सांगितलं. घरी असले की चार वाजता कॉलेज सुटतं आणि पाच वाजता विड्यांचं सूप मांडीवर येतं. अम्मा कधी म्हणत नाही, पण तिची बोटं दुखताना दिसतात आणि मी बसते. मला दोन वर्षं संध्याकाळी प्रयोगशाळेत थांबायचं आहे.

ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी अर्जावर शिक्का मारला, पावती दिली आणि म्हणाल्या, "माझी आईपण वळायची. शुक्रवारी ये, तयार ठेवते."