पहिले ३८ सेकंद: सायकलदुरुस्तीच्या चॅनलचा माझा अनुभव

माझ्या सायकलदुरुस्तीच्या चॅनलला सात महिने झाले, तेव्हा त्यावर ३१ व्हिडिओ होते आणि सबस्क्रायबर होते २४०. त्यांतले निम्म्याहून अधिक मी उसनवारीने मिळवलेले होते. ‘तुम्ही माझे चॅनल सबस्क्राइब करा, मी तुमचे करते’ अशा देवाणघेवाणीच्या एका गटात मी पहिल्याच महिन्यात शिरले होते आणि रोज संध्याकाळी आकडा पाच-दहाने वाढलेला पाहून खूश होत होते. असा व्यवहार यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, हे मला नंतर कळले; त्याचे फळ मात्र आधीच दिसू लागले होते. या मंडळींना चेन साफ करण्यात किंवा ब्रेक जुळवण्यात काडीचा रस नव्हता, आणि खरे सांगायचे तर मलाही त्यांच्या व्हिडिओंत नव्हता. नवा व्हिडिओ टाकला की ते तो उघडतच नसत किंवा दहा सेकंदांत बंद करत, त्यामुळे व्हिडिओ वाईट आहे की पाहणारेच चुकीचे आहेत, हे मला आकडेवारीवरून ओळखता येईना.

माझे सगळे लक्ष त्या काळात पार्टनर प्रोग्रामच्या अटीकडे होते. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल, तर २०१८ पासून १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत प्रेक्षकांनी पाहिलेले ४,००० तास लागतात. २०२३ मध्ये ५०० सबस्क्रायबर आणि ३,००० तासांची एक खालची पायरीही आली, पण तिच्यावर जाहिरातींचा वाटा मिळत नाही. लांब व्हिडिओंऐवजी शॉर्ट्सवर जायचे, तर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज हवेत, आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४,००० तासांत धरला जात नाही. सगळ्यांप्रमाणे मीही हजाराच्या आकड्याकडेच डोळे लावून बसले होते. एके दिवशी कागद घेऊन तासांचा हिशेब केला आणि हबकले. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. माझा व्हिडिओ सुमारे नऊ मिनिटांचा असे आणि माणूस त्यात सरासरी दोन मिनिटे थांबत असे, म्हणजे वर्षभरात १,२०,००० वेळा कोणीतरी तो उघडायला हवा. हाच माणूस सहा मिनिटे थांबला, तर ४०,००० पुरे होतात. तिप्पट लोक कुठून आणायचे ते मला ठाऊक नव्हते, पण आलेला माणूस का उठून जातो, हे शोधणे माझ्या आवाक्यातले होते.

त्यासाठी यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख असतो, ज्यात कोणत्या सेकंदाला किती टक्के प्रेक्षक शिल्लक होते ते दिसते. चाकाचा आऊट काढण्याच्या, म्हणजे वाकडे फिरणारे चाक सरळ करण्याच्या, व्हिडिओचा आलेख मी प्रथमच नीट पाहिला, तेव्हा तो घसरगुंडीसारखा उतरलेला होता. ३८ व्या सेकंदाला शंभरातले जेमतेम ५२ जण उरले होते, आणि माझे काम सुरू होत होते ते ३९ व्या सेकंदाला. तोपर्यंत मी काय करत होते? संगीतावर फिरणारे बोधचिन्ह, नमस्कार, माझी ओळख, चॅनलचा उद्देश, आणि अजून काहीही न शिकवता ‘सबस्क्राइब करा, घंटीचे बटण दाबा’ ही विनंती. ज्याचे चाक ब्रेकला घासते आहे, ज्याचे हात काळे झाले आहेत आणि ज्याने मोबाइल कसाबसा टेकवून ठेवला आहे, त्याला पाना कोणत्या बाजूला फिरवायचा एवढेच हवे होते, आणि मी त्याला माझा परिचय ऐकवत होते.

टाकलेला व्हिडिओ बदलून त्याच दुव्यावर दुसरा ठेवता येत नाही, मात्र स्टुडिओच्या एडिटरमध्ये त्यातला भाग कापता येतो आणि व्ह्यूज व प्रतिक्रिया जशाच्या तशा राहतात. ते ३८ सेकंद मी तिथेच कापले. पुढच्या दोन आठवड्यांत सरासरी वेळ चार मिनिटांच्या जवळ गेला. एकही सेकंद नव्याने चित्रित केलेला नव्हता.

मग शीर्षकाकडे वळले. त्या व्हिडिओचे नाव मी ‘स्पोक टेन्शन आणि व्हील ट्रुइंग’ असे ठेवले होते, आणि ते मला भारदस्त वाटत असे. प्रेक्षक कुठून येतात याच्या अहवालात त्यांनी शोधताना लिहिलेले शब्दही दिसतात. तिथे ‘चाक वाकडे फिरते’ आणि ‘चाक ब्रेकला घासते’ असे होते. ट्रुइंग म्हणजे आऊट काढणे हे ज्याला माहीत आहे, त्याला माझ्या व्हिडिओची गरजच नव्हती. नवे शीर्षक ‘चाक ब्रेकला घासतंय? आऊट असा काढा’ असे दिले आणि थंबनेलवरून माझा चेहरा काढून ब्रेकच्या पॅडला टेकलेली रिम ठेवली. एकदा मोह होऊन दुसऱ्या एका व्हिडिओला ‘पाच मिनिटांत चाक नव्यासारखे’ असेही नाव दिले होते; उघडणारे वाढले, पण विसाव्या सेकंदाला आलेख असा कोसळला की मी ते नाव त्याच रात्री बदलले.

एक चूक मात्र महागात पडली. सुरुवातीचे नऊ व्हिडिओ आता पाहवेनात, म्हणून मी ते एका दमात खासगी केले, आणि अटीतल्या तासांचा आकडा वाढण्याऐवजी खाली आला. फक्त सार्वजनिक व्हिडिओंचे तास मोजले जातात, हे मी वाचले होते, पण लक्षात ठेवले नव्हते. अंधारलेल्या चित्रासकट आणि घुमणाऱ्या आवाजासकट ते सगळे पुन्हा सार्वजनिक केले.

आलेख फक्त घसरणच दाखवतो असे नाही. आऊट काढण्याच्या त्या व्हिडिओत सहाव्या मिनिटापाशी एक उंचवटा होता, म्हणजे लोक तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा पाहत होते. मी तो भाग चार वेळा पाहिला तेव्हा कारण सापडले. स्पोकचे निपल, म्हणजे रिमपाशी स्पोकच्या टोकाला बसणारे छोटे नट, टायरच्या बाजूने पाहिले, तर घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर आवळले जाते. हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, बाजूने पाहणाऱ्याला तेच उलटे दिसते. माझा कॅमेरा हबच्या बाजूला होता आणि तोंडाने मी ‘घड्याळाच्या दिशेने’ म्हणत होते. मी फक्त तेवढ्याचसाठी अडीच मिनिटांचा वेगळा व्हिडिओ केला, त्यात चेहरा नाही, संगीत नाही, नुसते हात, आणि एकच निपल दोन्ही बाजूंनी दाखवलेले आहे. चॅनलवरचा सर्वांत छोटा असूनही तो सर्वाधिक पाहिला गेला, तिथून लोक मोठ्या व्हिडिओंकडे जाऊ लागले, आणि दीड वर्षाने ४,००० तास भरले तेव्हा हजार सबस्क्रायबर कधीच झालेले होते.

त्या छोट्या व्हिडिओच्या आलेखातही १ मिनिट १० सेकंदांपाशी एक उंचवटा आहे. तिथे माझ्या अंगठ्याची सावली निपलवर पडली आहे. तेवढा भाग दिवा डावीकडे घेऊन या रविवारी पुन्हा चित्रित करणार आहे.