मात्सूपुढे कौल लावला तेव्हा

तैवानमध्ये कंपनीच्या कामाला येऊन वर्ष होत आलं होतं. मुक्काम आणखी वाढवायचा की सिंधुदुर्गात परतायचं, यावर माझं काही ठरत नव्हतं. ऑफिसातली एक सहकारी लुकांगची. ती म्हणाली, "आमच्या मात्सू देवीला विचार की!"

लुकांगला रेल्वे नाही, त्यामुळे तैचुंगहून बसने गेलो. एके काळी तैनानखालोखाल मोठं असलेलं हे बंदर. पुढे गाळ साचला, गलबतं यायची थांबली आणि गाव मागे राहिलं. म्हणूनच बहुधा जुन्या लाल विटांच्या गल्ल्या टिकल्या. समुद्राचा वारा थेट घरात घुसू नये म्हणून त्या मुद्दाम वाकड्यातिकड्या काढल्यात म्हणे. मुख्य रस्त्यावर उदबत्तीवाले, कंदील रंगवणारे, आणि बैलाच्या जिभेच्या आकाराच्या, त्याच नावाच्या गरम पोळ्या. एक खाल्ली. ठीकच.

मात्सूच्या थिएनहौ देवळात मी मधल्या दारातून शिरणार, तेवढ्यात तिने बाही ओढली. मधलं दार देवांचं. माणसांनी समोरून पाहता उजव्या दाराने, ड्रॅगनच्या बाजूने आत जायचं आणि वाघाच्या बाजूने बाहेर पडायचं. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. हे शेवटचं मला शिकवायची गरज नव्हती.

मात्सू ही दर्यावर्दींची देवी. धुपाने तिचा चेहरा काळा पडलाय. आमच्या आईला फोटो दाखवला असता तर तिने लगेच हात जोडले असते.

आधी गाऱ्हाणं. नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगायचाच, नाहीतर देवीने शोधायचं कुठे? मी मालवणीतच घातलं. 'व्हय म्हाराजा' म्हणायला मागे कोणी नव्हतं, एवढाच फरक. मग चंद्रकोरीसारखे दोन लाल लाकडी तुकडे ओंजळीत धरून जमिनीवर टाकायचे. त्यांची एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर होकार, दोन्ही फुगीर आल्या तर नकार. दोन्ही सपाट आल्या तर देवी हसली! आपल्याकडे कौलाला देवावर लावलेली पाकळी उजवीकडे पडते नाहीतर डावीकडे. हसणारा कौल मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तोही लागोपाठ दोनदा.

"प्रश्न नीट विचार," सहकारी म्हणाली. "राहू की जाऊ, याला ती हो म्हणणार की नाही?"

बरोबरच होतं. मग विचारलं, या कामाबद्दल चिठ्ठी देतेस का? होकार आला. नळकांड्यातल्या लांब काठ्या खळखळ हलवून वर आलेली एक उचलायची, तिच्यावरचा आकडा पाहायचा आणि पुन्हा विचारायचं, हीच का? सलग तीन होकार हवेत. पहिल्या काठीला दोन आले, तिसऱ्याला नकार. दुसरीला सुरुवातीलाच नकार. टाइल्सवर लाकूड आपटल्याचा तो टक्क आवाज चहूकडून येत होता. शेजारची शाळकरी मुलगी माझ्या आधी सुटली. परीक्षा असावी. माझी तिसरी काठी पास झाली तोवर गुडघे बोलायला लागले होते.

त्या आकड्याच्या खणातून चिठ्ठी काढली. सात-सात अक्षरांच्या चार ओळींची कविता. मोबाइलच्या भाषांतरात ढग, होडी आणि एक म्हातारा मासा निघाला. शेवटी अर्थ सांगणाऱ्या आजोबांकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, विषय कोणता: नोकरी, लग्न, प्रवास की आजारपण? एकाच कवितेचा अर्थ विषयागणिक बदलतो. नोकरी म्हटल्यावर चष्मा वर सारून ते म्हणाले, हातातलं पुरं कर, होडी आपोआप सुटेल.

रात्री आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "उजवो की डावो?"

"दोनदा हसली."

पलीकडे जरा शांतता. मग, "मेल्या, तू इचारलंस तरी काय?"